झुडपातली शीळ

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा दिवसभर बाल्कनीत बसून असायचे. पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला एक बुजरा पक्षी आयुष्यभर शोधूनही दिसला नाही, ही त्यांची रुखरुख. त्यांचं उतरलेलं तोंड सुनेला बघवेना. तिने नेटवर त्या पक्ष्याचा आवाज शोधला, मिळाला तो पहिलाच जुन्या मोबाइलमध्ये घेतला आणि मोबाइल कुंपणाच्या झुडपात लपवला.

रोज सकाळी शीळ वाजली की बाबांची कळी खुलायची. "आवाज आता पाठ झालाय गं. नुसता एकदा दिसू दे," म्हणायचे. आपण त्यांना फसवतोय, ही टोचणी तिला होतीच. पण बाबा दोन घास जास्त जेवत होते.

आज ती चहा घेऊन गेली, तर बाबा म्हणाले, "अगं, आत्ता कठड्यावर एक येऊन बसला होता. तांबूस पोट, डोळ्यावर पांढरी रेघ, थेट चित्रातल्यासारखा. चांगला वेळ ओरडत होता."

"मग फोटो काढलात ना?"


"छे गं, आवाज साफ वेगळा होता. हाकलून दिला मी. आपला झुडपातला उगाच बुजायचा."