तानूबाईंचा हातमोजा

बाळ नुकतंच झोपलं होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. तेवढ्यात टिंग असा आवाज झाला आणि मालिशवाल्या तानूबाईंचा हात मुक्ताच्या मांडीवर थबकला. वाजला होता त्यांचा तपासणीचा हातमोजा, कातडीवरूनच आतल्या पेशींची जनुकं तपासणारा. बाळंतिणीला तेल लावताना तो घालायचाच, असा नियम होता. पण तेलात सटकतो म्हणून महिनाभर तो पिशवीतच पडून होता; आज पहिल्यांदाच त्यांनी तो हातात चढवला होता.

"गाठ पहिल्या दिवसापासून हाताला लागत होती गं," त्या पुटपुटल्या. "म्हटलं, चरबीची असेल."

"चरबीचीच आहे, मावशी. पण कर्करोगाची." मुक्ताने हातमोज्याच्या पट्टीवर उमटलेला निकाल पुन्हा वाचला. "एका जनुकाच्या दोन प्रती हव्यात, इथे चाळीस आहेत."

ती उठली, पाळण्यापर्यंत गेली, परत येऊन बसली. "रडू नका हो. कापून काढतील."

पाच वर्षांच्या ओवीने आईच्या मांडीवर बोट दाबून पाहिलं. "कुठंय? मला तर काहीच दिसत नाही."

"ती दिसायला बाकीच्या चरबीसारखीच असते, राणी."

"म्हणजे तुझ्यासारखीच?" ओवीचं बोट तिथेच राहिलं. "मग डॉक्टरकाकांना कापताना कसं कळणार, गाठ कुठे संपली आणि आई कुठे सुरू झाली?"