खारट चहा

चहाचा पहिला घोट घेताच शाल्मलीचं तोंड वाकडं झालं. साखरेऐवजी चक्क मीठ! मुलाखत घेणारे कॅप्टन सबनीस मात्र तोच चहा मिटक्या मारत पीत होते.

"फक्कड झालाय ना?"

पायलटची नोकरी हाताशी आलेली, मानसशास्त्रीय चाचणी तेवढी उरलेली. शिवाय लोकांकडचा चहा कसाही असो, छानच म्हणायचं, ही घरची शिकवण.

तिनं मन घट्ट करून कप खाली ठेवला. "सर, चहात मीठ पडलंय. तुम्हीही पिऊ नका."

"सुटलो एकदाचा!" कॅप्टननी कप दूर सारला. "आधीच्या सगळ्यांनी 'वा, छान' म्हणत मला अख्खा कप प्यायला लावला."

"मग त्यांचं काय झालं?"

"घरी पाठवलं. उद्या मी चुकीच्या धावपट्टीवर उतरायला निघालो, तरी शेजारच्या खुर्चीतून 'वा, छान'च म्हणतील!"