दुसरा भोंगा

अणुबॉम्ब पडला तर काय करायचं, याची सरकारी तालीम आमच्या लालबागच्या चाळीत लग्नघरासारखी रंगली. पहिल्या भोंग्याला जिन्याखाली दडायचं, दुसऱ्याला बाहेर यायचं.

अख्खी चाळ जिन्याखाली कोंबली होती.

"बॉम्ब नको, आमका मुंबय होयी!" सुंदरामावशी ओरडली नि हशा पिकला.

भोंगा झाला. ढकलाढकली करत सगळे वर गेलो.

गॅलरीत रघूने कपाळावर हात मारला. "अरे, हा तर आपल्या गिरणीचा भोंगा!"

पुन्हा हशा.

जिन्याखालूनही तसाच हशा आला.

सगळे तर वरच होतो.

"कोण रवलो रे खाली?" मावशीने कठड्यावरून वाकून विचारलं.

खालून मावशीचाच हसरा आवाज आला, "वर कोण गेलो रे? दुसरो भोंगो खंय झालो अजून?"