श्री नसलेली पत्रं

रझाकारांच्या सालारनं तलवार छापखान्याच्या टेबलावर आडवी ठेवली. गोपाळकृष्णाचा उजवा हात तिथंच होता. त्यानं तो मागं घेतला नाही, कारण घ्यायचं सुचलंच नाही.

"बोरवाडीला कुणी कळवलं?" सालारनं विचारलं.

सोमवारी त्याची टोळी बोरवाडीवर गेली होती. गावात चिटपाखरू नव्हतं. बायकापोरं, गुरं, धान्य, सगळं आदल्या दिवशीच डोंगरात गेलेलं. घरं धुंडाळली, पण एक चिठ्ठी सापडली नाही. पाटलाच्या दारात कागदाचे कपटे उडत होते, तेवढेच.

"मला काय ठाऊक, साहेब? माझं वर्तमानपत्र बंद आहे."

खरंच होतं ते. अठ्ठेचाळीसच्या माघात याच सालारनं याच हातावर तलवार टेकवून सांगितलं होतं, "खबरचा एक लफ्ज छापलास की हा हात गेला." त्या दिवसापासून 'हलगी' साप्ताहिक बंद पडलं. आता वैशाख होता. छापखान्यात लग्नपत्रिका छापल्या जात, नाहीतर कुणी वारल्याची पत्रं. धाराशिवात लोक त्याला तोंडावर 'लग्नपत्रिकावाले संपादक' म्हणत. त्याला ते फार लागे. पण हात प्रत्येकाला प्यारा असतो.

"मुन्शी, एकूण एक कागद वाच," सालार म्हणाला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं.

त्याच्यासोबत आलेले मुन्शी दत्तोपंत बैठक मारून बसले. अर्धा तास त्यांनी लग्नपत्रिका वाचल्या. वधूवर, मुहूर्त, आहेराची सूचना. एका पत्रिकेत सात मामा निघाले, तेव्हा सालारला संशय आला. दत्तोपंतांनी सातही मामांची कुळं सांगितली. शेवटची चळत त्यांच्याच लेकीच्या, चंद्रप्रभेच्या लग्नाची होती. ती मात्र त्यांनी दोनदा वाचली.

"काही नाही, साहेब."

"आणि ते?"

कोपऱ्यात एक म्हातारी पत्रांच्या घड्या घालत बसली होती. सालारनं तलवारीच्या टोकानं तिच्यापुढचा गठ्ठा दाखवला. दत्तोपंतांनी वरचं पत्र उचललं. माथ्यावर श्री नव्हता.

"ती. गं. भा. सीताबाई यांस अल्पशा तापाने देवाज्ञा..."

एवढं वाचलं आणि चटका बसावा तसं त्यांनी पत्र टाकून दिलं. म्हातारीनं पदर तोंडाशी नेला.

"आरं, मला कशाला हात लावू दिलास!" दत्तोपंत गोपाळकृष्णावर उखडले. "आठ दिवसांनी माझ्या घरी मांडव पडतोय!"

"पूरा पढो," सालार म्हणाला.

"साहेब, हात जोडतो. मौतीचं पत्र हाय. आमच्यात असलं पत्र उंबऱ्याच्या आत नेत न्हाईत. दारातच वाचायचं, दारातच फाडायचं अन् हातपाय धुवायचे. लेकीचं लगीन तोंडावर असताना म्या कसं वाचू?"

सालारनं गठ्ठ्याकडं पाहिलं. "इतके लोक मरतात?"

"दिवसच तसे आहेत, साहेब," गोपाळकृष्ण म्हणाला.

सालार मोठ्यानं हसला. त्याला ते उत्तर फार आवडलं. त्यानं तलवार म्यानात घातली. "छाप. शादी छाप, मौत छाप. खबर नाही."

"नाही, साहेब," गोपाळकृष्ण म्हणाला.

सालार बाहेर घोड्याकडं गेला, तसे दत्तोपंत दारात थबकले. "गोपाळराव, ते गठ्ठं आजच्या आज टपालात टाका. अन् माझ्या राहिलेल्या पत्रिका उद्याच द्या. शुक्रवारी आम्ही ढोकीकडं असू. मागच्या खेपेसारखं नको. तवा सोमवारी बोरवाडीला निघायचं म्हणून कानीकपाळी ओरडलो, तरी तुमच्या पत्रिका तयार नव्हत्या."

"उद्या सकाळी मिळतील."

घोड्यांच्या टापा वेशीपलीकडं विरल्या. गोपाळकृष्णानं उजवा हात डाव्या हातात धरला. तो जागेवर होता. मग त्यानं जमिनीवरचं पत्र उचललं आणि पहिली ओळ सोडून पुढचं मोठ्यानं वाचलं.

"सोमवारी बोरवाडी वाचली. माणसं, गुरं, धान्य सुखरूप. टोळी हात हलवत परत गेली. भिऊ नका, गोफणी तयार ठेवा. वाचून झाल्यावर रीतीप्रमाणं फाडावं."

वाचता वाचता त्याला हसू आवरेना. पत्र गठ्ठ्यावर ठेवून त्यानं रिकामी चौकट पुढं ओढली आणि ढोकीच्या पत्राचे खिळे जुळवायला घेतले.

कोपऱ्यातल्या सीताबाईनं तोंडावरचा पदर काढला. "ह्या खेपेला तापानं गेले," ती म्हणाली. "आता शुक्रवारच्या आधी कशानं मरू, मालक?"