ठोक्याखालचा आवाज

"पुन्हा लाव," धाकटी म्हणाली, आणि ताईनं गाणं पुन्हा लावलं.

ठोका पडला की धाकटीचा आवाज बुडायचा, ठोका सरला की वर यायचा. तळ्यातलं तरंगतं पान कुणीतरी बोटानं दाबावं आणि सोडून द्यावं, तसा. खोलीत दुपार रेंगाळली होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला गादी टेकवली होती, कपाटाची दारं सताड उघडी टाकली होती, आणि आतले लोंबणारे कपडेसुद्धा मन लावून ऐकत असल्यासारखे दिसत होते. धाकटी आपल्या भरलेल्या बॅगेवर बसली होती. ऊन उतरलं की गाडी येणार होती. दूरच्या गावी तिला नवी नोकरी लागली होती.

स्पीकरमधून तिचीच ओळ वाहत होती, बुडत, निथळत:

झोप उतरली बाई, दारी येऊन थांबली
कुणी हाक ना दिली, आल्या पावली गेली

"त्यातली ‘हाक’ कुठं गेली?" तिनं विचारलं.

"आहे की."

"मला नाही ऐकू आली. ठोक्यानं गिळली."

ताईनं संगणकाच्या पडद्यावर कंप्रेसर उघडला. आवाज ठरवलेल्या रेघेच्या वर गेला की त्याला दाबून धरायचं, एवढंच त्याचं काम. पण ते शिकण्यामागं ती महिनाभर हात धुऊन लागली होती. तिनं तो असा जोडला होता, की ठोका वाजला रे वाजला की धाकटीचा आवाज दबावा.

"नाचाच्या गाण्यात सगळे असंच करतात, बाई. ठोक्याला जागा द्यावी लागते."

"आणि मला?"

"तुला वाढवते ना! थांब जरा."

तिनं आवाज वाढवला. ठोक्याठोक्यांच्या मधले श्वास डोंगराएवढे झाले आणि शब्द मात्र होते तिथंच, सुतासारखे.

"मी गातेय की जिना चढतेय?" धाकटी म्हणाली, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग धाकटीनं डोळे पुसले. "ताई, माझा आवाज काढून टाक त्यातून."

"काय?"

"शनिवारी तुझं एकटीचं नाव लाव. तसंही मी इथं नसेनच."

शनिवारी ते गाणं दोघींच्या नावानं पहिल्यांदाच लोकांपुढं वाजणार होतं. ताई खुर्चीत गर्रकन वळली. "डोकं फिरलंय का तुझं? अगं, तुझ्या ओळीसाठी तर हे सगळं..."

"ताई, मी काय म्हणते..."

"आधी ऐक! आवाज अजून थोडा पुढं आणते, ठोका जरा..."

"मी एवढंच..."

"पाच मिनिटं दे मला. बघच तू."

धाकटीनं उघडलेलं तोंड मिटलं. घरात लहानपणापासून ताईला भोंगा म्हणत आणि हिला पुटपुट. भोंगा वाजायला लागला की पुटपुट थांबायची. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं.

"भोंगे, सोड आता तिला!" बाहेरून आईनं आवाज दिला. "दारात गाडी येईल आणि पोरगी अजून उपाशी!"

ताईनं सगळ्या जोडण्या सोडल्या आणि नव्यानं जोडायला घेतल्या. हिचा आवाज इकडे, ठोका तिकडे. बोटं घाईत एकमेकांना अडखळत होती. नीट न बघताच तिनं गाणं सुरू केलं.

ठोका आला, नेहमीसारखा भरदार. मग स्पीकरमधल्या धाकटीनं ओळ उचलली, आणि ठोका खाली बसला. ‘झोप उतरली’ हे शब्द आले, तसा तो दूर गेला, कुठल्याशा टेकडीपलीकडं. शब्द थांबला की हळूच परत यायचा. ओळ सुरू झाली की पुन्हा बाजूला सरायचा. अरुंद जिन्यात समोरून कुणी झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन यावं आणि आपण अंग चोरून भिंतीला लागावं, तसा. गादी, कपाट, उन्हातली धूळ, सगळं त्या आवाजाबरोबर संथ वर-खाली होऊ लागलं. आणि हाक आली. खोलीभर फक्त तेवढीच.

ताईनं जीभ चावली. "अगं, उलटं जोडलं गेलं! आता तुझा आवाजच ठोक्याला दाबतोय. थांब, बदलते."

तिचा हात माउसकडं गेला. धाकटीनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे."

"चुकलंय ते, बाई. लोक नाचणार कसे यावर?"

"हळू नाचतील."

गाणं संपेपर्यंत तिनं मनगट सोडलं नाही. संपल्यावर ताईनं तिच्याकडं न बघता विचारलं, "मग? नावं?"

"दोन्ही."

बाहेर ऊन उतरलं होतं.

"ताई," धाकटी म्हणाली. ताईच्या ओठांवर काहीतरी येऊ घातलं होतं. ते तिथंच थांबलं. धाकटीनंही सवयीनं वाट पाहिली.

"मला तिकडं जायची भीती वाटते गं."

खाली गाडीचा हॉर्न वाजला, एकदा, दोनदा. ताईनं खिडकीकडं पाहिलंही नाही. धाकटीचं पुढचं वाक्य त्याहून हळू होतं, इतकं हळू, की ते ऐकायला ताई खुर्चीतून खाली उतरली आणि बॅगेशी, तिच्या पायांजवळ, जमिनीवर बसली.