दोनशे अंशांवर आठ मिनिटं
"नेलिदा, तुझ्या गोल्फेआदोंना हल्ली वायरी जळल्याचा वास येतो गं," असं म्हणत शेजारच्या ओतिलियाने पिशवी परत केली. वास येणारच. माझ्या नवऱ्याच्या, योर्मानच्या, जुन्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड गेलंय, नवं कुठे मिळत नाही, आणि कार्ड ओव्हनमध्ये भाजलं की आतले सुटलेले जोड पुन्हा चिकटतात, असं त्याला कुणीतरी सांगितलंय. ज्या ओव्हनमध्ये गोल्फेआदो, म्हणजे गूळ-बडीशेपेचे गोड पाव, भाजून मी घर चालवते, त्याच ओव्हनमध्ये. आज तिसरी खेप. भाजलेलं कार्ड बारा दिवसांच्या वर टिकत नाही, मग पडद्यावर पुन्हा हिरव्या रेघा. "आपल्या दोघांसाठीच करतोय ना, जाडे!" तो लाडात म्हणाला. आठ मिनिटांनी कार्ड काढलं, गार झाल्यावर बसवलं, आणि पडदा लख्ख उजळला. तो नाचतच अंघोळीला गेला. पिठाचे हात पुसत मी वाकून पाहिलं. चिलीतल्या नोकरीचा अर्ज होता, त्यानेच भरलेला. लग्नाच्या रकान्यात 'अविवाहित'. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झालीत. खाली लिहिलं होतं, मुलाखत ऑनलाइन, वीस दिवसांनी; म्हणजे याच लॅपटॉपवरून. "चालतोय ना गं?" तो आतून ओरडला. "चालतोय की, मस्त चालतोय," मी म्हणाले. मग ओव्हन लावायचं फिरवायचं बटण उपसून काढलं आणि पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळाशी पुरलं.