गळ्यावरचा विटकरी ठिपका

गरिकाईला त्या सकाळी जंगलात पाहुणे फिरवायचा परवाना मिळायचा होता, आणि जमलंच तर परीक्षकाची मुलगीही. परीक्षक न्याशानू म्हणजे त्याचे होणारे सासरे. सासऱ्याचं बोलणं तोंडावर खोडणारा जावई आमच्याकडे अजून जन्मलेला नाही; सांगायचंच असेल तर मध्यस्थाच्या तोंडून.

म्सासाच्या झाडाच्या फांदीवर चिमुकला माशीमार पक्षी येऊन बसला. पोट पांढरं, गळ्यावर विटकरी ठिपका.

"हा नर. बरोबर ना रे?" न्याशानूंनी विचारलं.

ठिपका असतो मादीला. 'हो' म्हणावं तर परवाना गेला, 'नाही' म्हणावं तर मुलगी.

गरिकाई जीपच्या ड्रायव्हरकडे वळला. "झिंडोगा, गड्या, आजपासून तू माझा मध्यस्थ. बाबांना सांग, ती मादी आहे."

हातभर अंतरावर बसलेल्या झिंडोगाने घसा खाकरला. "बाबा, जावई म्हणतात, ती मादी आहे."

म्हातारा खदखदून हसला. "मला ठाऊक नाही होय? माझ्या होला हो करणारा उद्या सिंहासमोर पाहुण्यांच्याही होला हो करेल!" त्यांनी परवान्यावर सही केली आणि डब्याची रिकामी थाळी पुढे सरकवली. "मध्यस्थ आला म्हणजे लग्नाची बोलणी सुरू झाली. सासऱ्याने तोंड उघडावं म्हणून आधी थाळीत मानाचे पैसे ठेवतात. ठेवा."

"झिंडोगा," गरिकाई नम्रपणे म्हणाला, "बाबांना सांग, मघापासून ते बोलतच आहेत. तोंड तर केव्हाच उघडलं."

परवाना जावयाला मिळाला, मुलगीही मिळाली. थाळी तेवढी सासऱ्याची रिकामी राहिली.